पांढरी की निळी

सिस्टरांना गाडी घ्यायची होती आणि त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आता तुम्ही म्हणाल, जुनी छोटी गाडी घ्यायची त्यात एवढं काय? चार चाकं, एक स्टिअरिंग, खिशाला झेपेल अशी किंमत. बघितली, घेतली, निघाली. घेऊन दाखवा एकदा! त्यापेक्षा घरात भाडेकरू ठेवणं परवडलं. तो निदान स्वतःबद्दल चार थापा तरी मारतो. गाडी तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि ती विकणारा तोंड बंद करत नाही.

सिस्टर म्हणजे जनरल वॉर्डच्या सिस्टर. नाव होतं त्यांना, नाही असं नाही, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं. गल्लीला त्या सिस्टर, दूधवाल्याला सिस्टर, आणि घरात नवरोबासुद्धा "अहो सिस्टर, चहा टाकू का?" असंच विचारायचे. नवरोबांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि दिवसभर गप्पा.

उभं आयुष्य सिस्टरनी एका लांबलचक खोलीत काढलं. दोन्ही बाजूंना खाटा, मधून वाट, टोकाला काचेची केबिन. कामावर आल्या की पर्स खाली ठेवायच्या आधी त्या दारातूनच एकदा नजर फिरवायच्या, आणि आज सगळ्यात वाईट हालत कुणाची आहे ते त्यांना तिथल्या तिथे कळायचं. मग आधी त्याच्याकडे. "सिस्टर, सिस्टर" करून जो वॉर्ड डोक्यावर घेतो त्याला ओरडायला दम आहे, म्हणजे तो थांबू शकतो. नव्या पोरींना त्या हेच शिकवायच्या, की ठणठणीत माणसाजवळ घुटमळू नका गं, तो आपला आपण घरी जातो. बरा होऊन निघालेल्या माणसाला त्यांनी कधी दारापर्यंत सोडलं नाही. तेवढ्या वेळात आणखी कुणाची तरी सलाईन संपत आलेली असायची.

घरी दोन मुलं. लेक मोठी, मुलगा धाकटा. मुलाला लहानपणी दमा, अगदी छातीचा भाता व्हायचा त्याच्या, त्यामुळे घरी आल्यावरही सिस्टरांची ड्यूटी काही संपायची नाही. आता तो दुसऱ्या शहरात असतो, दोन वेळा व्यायाम करतो आणि फोनवर आईलाच प्रकृतीबद्दल सल्ले देतो. लेक मात्र पहिल्यापासून दणकट. तिला कधी औषधाचा चमचा लागला नाही की कुणी अभ्यासाला बसवावं लागलं नाही. "हिचं मला टेन्शनच नाही," असं सिस्टर सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या.

आणि गाडी हवी होती ती या लेकीपायी. लेक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. गावाला पाणी सोडायच्या आधी ते तपासायचं काम, म्हणजे शिफ्ट भल्या पहाटेची. तिला मुलगी झाली, रजा मिळाली, आणि बघता बघता रजा संपत आली. जावई बोटीवर नोकरीला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. पाळणाघर उघडायचं उन्हं वर आल्यावर. तिच्या साहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं, पहिल्या तारखेपासून शिफ्टला वेळेवर हजर राहा, जमत नसेल तर राजीनामा द्या, दुसरी माणसं तयार आहेत. लेकीचं घर नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत, आणि पहिली बस तिथे पोचायची तोवर तिची शिफ्ट सुरू झालेली असायची. तेव्हा रोज अंधार असतानाच सिस्टरनी तिच्या दारात पोचायचं, नात ताब्यात घ्यायची, लेकीने कामावर पळायचं, असं ठरलं. पोचल्या तर लेकीची नोकरी राहणार, नाही पोचल्या तर जाणार. एवढा सरळ हिशोब होता.

लेक स्वतः काय म्हणाली? "बघू गं आई, होईल काहीतरी." ही तिची जुनी सवय. आजवर तिचं सगळं 'होईल काहीतरी'वरच पार पडलेलं.

म्हणजे बघा, गाडीकडून अपेक्षा एकच. पहाटे चावी फिरवली की ती सुरू झाली पाहिजे. पण ही एवढीशी गोष्ट नवरोबांनी दुकानात बोलून दाखवली आणि तिथून घोळाला सुरुवात झाली. नवरोबांचा एक ठाम समज होता, की वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस खोटं बोलत नाही. त्यामुळे दिवसभरात ज्याने जे सांगितलं ते संध्याकाळी घरी यायचं.

"आजचे एकजण म्हणाले, पेट्रोलचीच घ्या. डिझेलचा आवाज पहाटे शेजाऱ्यांना खपत नाही."

"बरं."

"दुसरे म्हणाले, डिझेलचीच घ्या."

"अहो, मग मी काय करू?"

"मी कसं सांगणार? मी आपला दाढी करत होतो."

एकजण म्हणाला, छोटी गाडी कुठेही घुसते, कशीही वळते, लावायला हातभर जागा पुरते. दुसरा म्हणाला, छोट्या गाडीचा पत्रा पापडासारखा, ट्रकने नुसती शिंक दिली तरी चेपते. कुणी सांगितलं की एकाच मालकाने वापरलेली घ्या. कुणी सांगितलं की मालक बघू नका, टायर बघा. रंग नवा असेल तर समजा ठोकलेली आहे, आणि रंग जुना असेल तर समजा उन्हात कुजलेली आहे. कमी चाललेली गाडी म्हणजे आकडा मागे फिरवलेला, जास्त चाललेली म्हणजे दमलेली. एका गिऱ्हाइकाने तर अर्ध्या दाढीवर खुर्चीतून उठून, गाडी घेऊच नका असं बजावलं होतं. आठवड्याभरात सिस्टरांना एवढंच कळलं, की आपल्याला काहीएक कळत नाही.

शेवटी त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या दादांना फोन लावला. हे दादा हॉस्पिटलचे जुने ड्रायव्हर. सिस्टरांना गाडी शिकवली ती त्यांनीच, हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात, एका मोडीत काढलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सवर. तिचा दुसरा गिअर पडायचाच नाही. त्यामुळे सिस्टरांना लायसन मिळालं तरी कितीतरी दिवस त्या पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायच्या आणि चांगल्या गाडीतही दुसरा गिअर टाकताना दातओठ खायच्या.

दादा त्यांना घेऊन गेले जुन्या गाड्यांच्या आवारात. शहराबाहेरच्या रस्त्याला लागून पत्र्याचं कुंपण, आत दोन्ही बाजूंना ओळीने गाड्या, मधून वाट, टोकाला काचेची केबिन. सिस्टर फाटकात थबकल्या. त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि तरातरा चालत डावीकडच्या ओळीत शेवटून दुसऱ्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

ती निळी होती. म्हणजे एके काळी असावी. दारांच्या खालच्या कडेने गंज चढलेला, मागचा एक दिवा चिकटपट्टीने धरून ठेवलेला, एक आरसा मान टाकून बसलेला.

"अहो सिस्टर, ती नाही, ती नाही," दादा मागून ओरडले. "इकडे या. ही पांढरी बघा."

पांढरी समोरच्या ओळीत होती. दादांनी तिचं बॉनेट उघडायच्या आधी वर हात ठेवून बघितला. थंडगार. म्हणजे गिऱ्हाईक येणार म्हणून आधी तापवून ठेवलेली नाही. तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. सेल्फ मारला, पहिल्याच झटक्यात सुरू. मागे जाऊन सायलेन्सरपुढे हात धरला, धूर नाही. टायर चारही सारखे झिजलेले. दार लावलं तर एकच गच्च आवाज. गाडी एका शाळामास्तरांची, घर ते शाळा एवढीच चाललेली. मास्तरांनी डिकीत एक छत्री ठेवली होती, ती अजून तिथेच.

"इंजिन उघडलेलं नाही," दादा म्हणाले. "अ‍ॅव्हरेज चांगलं. पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात. मागची सीट पाडली की बाबागाडी बसते. एसी जरा आळशी आहे, पण पहाटे तुम्हाला एसी कशाला? डोळे झाकून घ्या."

सिस्टर पांढरीत बसल्या. उतरल्या. "चांगली आहे," असं म्हणाल्या. ते त्यांनी शेजारणीच्या नव्या पडद्यांना म्हणावं तसं म्हटलं.

आणि पुन्हा निळीपाशी.

आवारवाला एव्हाना केबिनमधून बाहेर आला होता. डोळ्यांवर गॉगल, हातात किल्ल्यांचा जुडगा. गिऱ्हाइकाचा पाय कुठे वळतो ते ओळखण्यात त्याची हयात गेलेली. त्याने लगेच निळीत बसून सेल्फ मारला. घर्रर्र झालं आणि बंद. पुन्हा घर्रर्र. तिसऱ्या खेपेला ती सुरू झाली, पण कशी? अंगभर थरथरत, खोकत, मागून निळसर धूर सोडत.

सिस्टरनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि कान वाकडा केला. "हा खोकला कधीपासून आहे?"

गॉगलवाला गांगरला. त्याला किंमत विचारतात, कागद विचारतात, मालक विचारतात. खोकल्याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. "खोकला... म्हणजे ताई, थंडीत जरा..."

"आणि पाणी किती पिते?"

"पिते जरा जास्त."

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्याभरात पहिल्यांदा जरा हुशारी आली.

परत येताना दादांनी आधी गाडी हमरस्त्याला लावली. मग म्हणाले, "सिस्टर, एक सांगू? राग मानू नका. ती गाडी तुम्हाला नेणार नाही. तुम्हालाच तिला न्यावं लागेल."

सिस्टरांना ते पटलं. खरंच पटलं. त्यांना काय कळत नव्हतं? पण पटलेलं आणि वाटलेलं यांचं त्यांच्या डोक्यात काही केल्या जुळेना. घरी येऊन त्या भाजी चिरायला बसल्या आणि नवरोबांना निळीचे फायदे सांगू लागल्या. एक तर ती स्वस्त. वाचलेल्या पैशात दुरुस्ती होईल. दुसरं म्हणजे तिचं जे काय आहे ते डोळ्यांसमोर आहे. "पांढरीचं तसं नाही. तिला काहीच होत नाहीये. असं कसं असेल? जुनी गाडी, आणि काहीच नाही? लक्षणं दिसत नाहीत म्हणजे आतून काहीतरी मोठं असणार."

"अहो, ती चांगली असेल म्हणून चांगली दिसत असेल."

"एवढं सोपं असतं का काही?"

नवरोबांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, तुम्हाला गाडी विकत घ्यायचीय की अ‍ॅडमिट करून घ्यायचीय?"

सिस्टर हसल्या. हसता हसता थांबल्या, आणि पुन्हा भाजी चिरू लागल्या. मग मध्येच म्हणाल्या, की पांढरीच घ्यावी. जेवताना म्हणाल्या, की पण निळीची सीट जास्त रुंद आहे. ताटं उचलताना म्हणाल्या, की दादा म्हणतात तेच खरं. नवरोबांनी रेडिओचा आवाज वाढवला. चार दिवस हे असंच तळ्यात-मळ्यात चाललं, आणि लेकीची पहिली तारीख तिकडे जवळ येत राहिली.

पाचव्या दिवशी सिस्टर एकट्याच आवारात गेल्या. जाताना ठरवून गेल्या, की आता डोकं चालवायचं नाही, पांढरीचं टोकन द्यायचं आणि यायचं. निळीकडे बघायचंसुद्धा नाही. पांढरीत बसल्या, चावी फिरवली, सुरू. बंद केली. पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. आता पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. कुठे काही दाबून बघावं, कुठे काही ऐकावं, असं त्या गाडीत काही नव्हतंच. बसल्या बसल्या त्यांची नजर आरशात गेली, आणि आरशात पाठीमागची निळी दिसत होती.

गॉगलवाला काचेशी वाकला. "पांढरी लगेच घेऊन टाका ताई. दोन गिऱ्हाइकं टपून आहेत तिच्यावर."

"आणि ती?"

"कोण, निळी? ती काय... सोमवारी भंगारवाला येतो."

झालं. संपलंच सगळं. आठवडाभराचे सल्ले, दादांनी तपासलेले टायर, तेलाची पट्टी, लेकीची शिफ्ट, सगळं त्या एका वाक्याने धुऊन गेलं. सिस्टर तटकन उतरल्या आणि त्यांनी निळीचं टोकन दिलं. गॉगलवाल्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तो इतका खूश झाला की म्हणाला, बाकीचे पैसे सावकाश द्या, दोन दिवस चालवून बघा, तुमचीच आहे.

लेकीला फोनवर कळवलं तर ती म्हणाली, "घेतलीस ना? बरं झालं. मग उद्याच रंगीत तालीम करू. मी अगदी शिफ्टला निघाल्यासारखी तयार होऊन दारात उभी राहते. तू ये. किती वेळ लागतो ते कळेल." कुठली गाडी, कशी गाडी, काही विचारलं नाही तिने.

दुसऱ्या दिवशी अंधारातच सिस्टर खाली उतरल्या. निळी सुरू झाली नाही. सिस्टरनी बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर हलवली, एका जागी जरा दाबून धरली, नवरोबांना झोपेतून उठवून ढकलायला लावलं. पायजमा सावरत, शिव्या पुटपुटत नवरोबांनी गल्लीच्या टोकापर्यंत धक्का मारला, तेव्हा कुठे ती खोकत खोकत पेटली. नदीच्या पुलावर तिला ताप चढला, काटा वर वर जायला लागला. सिस्टरनी गाडी बाजूला घेतली, तिला निवू दिलं, ओला रुमाल धरून हळूच झाकण काढलं, बाटलीतलं पाणी घोट घोट पाजलं. मागून येणारी वाहनं हॉर्न मारत होती. पण सिस्टरांचं कुणाकडे लक्ष होतं? किती दिवसांनी त्यांचे हात भराभरा चालत होते! निवृत्त झाल्यापासून जो एक रिकामपणा अंगाला चिकटला होता तो पार गेला होता. खरं सांगायचं तर त्या गुणगुणत होत्या.

वसाहतीत पोचल्या तेव्हा चांगलं उजाडलं होतं, शाळेची मुलं दप्तरं घेऊन निघाली होती.

लेक दारात उभी होती. अंगात कामाचा गणवेश, खांद्याला पर्स आणि डबा, कडेवर झोपलेली मुलगी. ठरल्या वेळेपासून ती तशीच उभी असावी, कारण तिने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं ते फार अवघडून.

सिस्टर हात पुसत, लालबुंद चेहऱ्याने पायऱ्या चढल्या. "अगं, काय सांगू तुला! पुलावर अशी तापली, म्हटलं आता गेली. पण मी म्हटलं थांब, घाई करायची नाही. आधी निवू दिलं, मग पाणी, आणि..."

"आई, शिफ्ट सुरू होऊन गेली."

"हो, पण आज तालीमच होती ना. एकदा हिचं नीट काम करून घेतलं की..."

लेकीने गाडीकडे बघितलं. निळी इंजिन बंद केल्यावरही टकटक आवाज करत होती. "दादांनी कुठली सांगितली होती?"

"दादा काय, ते पांढरी म्हणत होते."

"पांढरीत काय खोट होती?"

"काहीच नव्हती गं."

"मग?"

सिस्टरनी स्वस्त आहे म्हणावं तर ते खरं कारण नव्हतं. सीट रुंद आहे हे तर त्यांचं त्यांनाच आता हास्यास्पद वाटलं. "तिला भंगारात देणार होते," त्या शेवटी म्हणाल्या.

लेकीने मान हलवली, समजल्यासारखी. ती ओरडली वगैरे नाही. ओरडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "माझ्यातही काही खोट नव्हती आई," ती म्हणाली.

सिस्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि आधी आला तो राग. "म्हणजे काय? मी काय मजा मारत फिरत होते? तुझ्या भावाला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसत होते मी. तिकडे वॉर्डात माणसं..."

"माहितीय मला. सगळं माहितीय. तू चुकीचं वागलीस असं कुठे म्हणतेय मी? त्यांना गरज होती." लेकीने घसरणारी पर्स खांद्यावर सारली. "एकदा मी थर्मामीटर चहात बुडवून तुला दिला होता. आठवतंय? तू बघितलास, झटकलास, आणि म्हणालीस, ऊठ, शाळेला जा. लगेच ओळखलंस. पण मी असं का केलं ते विचारलं नाहीस."

सिस्टरांना आठवत नव्हतं. हेच त्यांना जास्त लागलं. कुठल्या खाटेवर कोण होतं, कुणाला कुठलं औषध सोसत नव्हतं, हे सगळं त्यांना आजही आठवत होतं, आणि चहात बुडवलेला थर्मामीटर आठवत नव्हता. त्या पायरीवर बसल्या. खालून त्यांनी लेकीकडे बघितलं, आणि दिसलं ते असं, की तिच्या गणवेशाचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय, डोळ्यांखाली काळं धरलंय, ओठ सुकलेत. अहो, हे सगळं काय आज झालं होतं? दाराशी इतका वेळ उभी होती पोरगी, आणि सिस्टर तिला गाडीचा ताप सांगत होत्या.

"तू झोपतेस कधी?" त्यांनी विचारलं.

"होतं काहीतरी," लेक म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. मुलीला उठू न देता, आवाज न करता ती रडत होती. ते तिला फार सफाईने जमत होतं.

सिस्टर त्याच दिवशी निळी परत करायला गेल्या. म्हणजे दादांनी दोरीने ओढत नेली, सिस्टर नुसत्या स्टिअरिंग धरून बसल्या. टोकन बुडालं. पांढरी अजून जागेवरच होती. दोन टपलेली गिऱ्हाइकं हे गॉगलवाल्याचं सगळ्या गाड्यांसाठीचं एकच वाक्य होतं, असं दादांनी नंतर सांगितलं. निळीचं आता काय होणार हा प्रश्न सिस्टरांच्या अगदी ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला. त्यांनी पांढरीच्या कागदांवर सही केली. आपण बरोबर करतोय की एका बिचाऱ्या जिवाला टाकून चाललोय, हे त्यांना त्याही घडीला नक्की सांगता आलं नसतं.

पहिली तारीख उजाडली. सिस्टर अंधारातच खाली आल्या, चावी फिरवली, आणि पांढरी निमूट सुरू झाली. गल्लीत नाही अडली, पुलावर नाही तापली. सिस्टर कान टवकारून बसल्या होत्या, पण ऐकण्यासारखं काही येईना. एवढ्या वाटेत त्यांना काही म्हणजे काही करावं लागलं नाही, आणि हातांचं काय करायचं ते न कळून त्यांनी स्टिअरिंग उगाचच आवळून धरलं होतं. वसाहतीत पोचल्या तर सगळ्या खिडक्या अजून काळोख्या.

लेकीने मोकळ्या केसांनी, डोळे चोळत दार उघडलं. "अगं, एवढ्या लवकर? अजून खूप वेळ आहे. काय झालं? गाडीला काही झालं का?"

"गाडीला काय होतंय! ती आहे चांगली."

"मग हिला उठवू का?"

"झोपू दे तिला." सिस्टरनी पर्स खुंटीला अडकवली, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि कपाटावरचा कंगवा घेतला. पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. आजारी माणसाशी काय बोलायचं ते त्यांना झोपेतसुद्धा आलं असतं. "इथे बस जरा."

"का? मला काही झालं नाहीये आई. मी बरी आहे."

"माहितीय मला," सिस्टर म्हणाल्या. "तरी बस."